उकिरड्यावरचे छप्पर : व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील गोठ्यांचे वास्तुशिल्प

'व्हिक्टोरियन वास्तुकला' हे शब्द उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबई उभी राहते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार १८८८ मध्ये पूर्ण झालेले बोरीबंदरचे स्थानक, राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय, टोकदार कमानी आणि दगडात कोरलेली पाने-फुले असे एक चित्र आपल्या मनात पक्के झालेले आहे. राज्यकर्त्यांनी जे आपल्याला दाखवण्यासाठी बांधले तेच आपण पाहिले, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच राणीच्या राजवटीत, तिच्या स्वतःच्या देशात, जनावरांसाठी ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वास्तविक त्या शतकाच्या मध्यावरील इंग्लंडला स्वतःविषयी काय वाटत होते, त्याला कशाची भीती होती आणि कोणाची फिकीर नव्हती, हे न्यायालयांच्या मनोऱ्यांपेक्षा त्याच्या गोठ्यांतून अधिक स्पष्टपणे वाचता येते, असे माझे मत आहे.

'गोठा' हा आपला शब्द संस्कृत 'गोष्ठा'तून आला. त्या शब्दाबरोबर दावण, गव्हाण, खुंटा, कडब्याची गंजी आणि दाराबाहेरचा उकिरडा एवढे सगळे ओघाने येते. इंग्रजी शेतवाडीचे स्वरूप मात्र ध्यानात घ्यायचे तर एक फरक आधीच लक्षात ठेवला पाहिजे. तेथे नांगर घोडे ओढीत. गोठ्यातले जनावर बहुधा कामाचे नव्हते. ते दुधासाठी किंवा मांसासाठी पोसले जात होते. आपल्याकडे बैल हा शेतकऱ्याचा सहकारी असतो आणि त्याच्या निवाऱ्यात घरगुतीपणा असतो. तिकडे हिवाळाभर गोठ्यात बांधलेला बैल हा एका हिशेबातील रक्कम होता. या फरकात निंदा-स्तुतीचा प्रश्न नाही, पण इमारतीचा सगळा घाट त्यावर ठरला.

या बांधकामांना जोर आला तो एका राजकीय घटनेनंतर. १८४६ मध्ये धान्याच्या आयातीवरील संरक्षक कायदे रद्द झाले आणि परदेशी गव्हाला इंग्लंडची बंदरे मोकळी झाली. जमीनदारवर्ग हादरला. जेम्स केर्ड या स्कॉटिश शेतीतज्ज्ञाने १८४९ मध्ये एक पुस्तिका लिहून सांगितले की संरक्षणाची जागा घेऊ शकेल अशी एकच गोष्ट आहे : जमिनीत अधिक भांडवल घाला, अधिक जनावरे पाळा, अधिक खत करा आणि त्या खतावर अधिक धान्य पिकवा. या पद्धतीला 'हाय फार्मिंग' असे नाव पडले. त्यात गोठा ही केवळ निवाऱ्याची जागा उरली नाही. एका बाजूने सलगम, गवत आणि पेंड आत जायची व दुसऱ्या बाजूने मांस आणि शेणखत बाहेर पडायचे, असा तो कारखानाच झाला. काळही अनुकूल होता. काचेवरील कर १८४५ मध्ये व विटांवरील कर १८५० मध्ये उठला. रेल्वेने वेल्सची पाटीची कौले दूरवर पोचवली. ओतीव लोखंडाचे खांब स्वस्त झाले. १८६४ च्या जमीन-सुधारणा कायद्याने मालकांना बांधकामासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज काढणे सुकर केले. बेली डेंटन या अभियंत्याने १८६३ मध्ये इंग्लंडमधील नमुनेदार शेतवाड्यांचे आराखडे एका भरघोस ग्रंथात प्रसिद्ध केले. त्यातली पाने चाळताना आपण गिरण्यांचे नकाशे पाहत आहोत की गोठ्यांचे, असा भ्रम व्हावा.

सर्वसाधारण रचना अशी असे. उत्तरेला उंच मळणीचे कोठार, म्हणजे बोचरा वारा त्यावर आपटून थांबावा. त्याच्या पूर्व-पश्चिम टोकांपासून दक्षिणेकडे दोन बाहू काढलेले, आणि मधल्या अंगणात ऊन यावे म्हणून दक्षिण बाजू मोकळी किंवा ठेंगणी. एका बाहूत दुभत्या गाई, दुसऱ्यात पुष्ट करायचे बैल. कोपऱ्यात सलगम कापण्याची व चारा शिजवण्याची खोली. कोठाराला लागून वाफेचे यंत्र आणि विटांचे उंच धुराडे. शेतात उभे असलेले हे धुराडे त्या काळच्या प्रवाशांना खटकले असणार. काही ठिकाणी चाऱ्याच्या लहान गाड्या फिरवण्यासाठी जमिनीत रूळ बसवलेले असत. गाईंच्या तोंडांसमोरून जाणारी अरुंद बोळ केवळ चारा घालणाऱ्या माणसासाठी. शेण काढणाऱ्याची वाट पाठीमागून. दोघांची गाठ पडू नये, वेळ जाऊ नये, पाऊल वाया जाऊ नये, हा सर्व योजनेमागचा मंत्र.

पण या वास्तुशिल्पाचा खरा सूत्रधार चारा नव्हे. तो आहे शेण. जुन्या इंग्रजी शेतवाडीतील मधले अंगण उघडे असे. त्यात पेंढा पसरायचा, जनावरांनी तो तुडवायचा, आणि वसंतात ते खत गाड्यांनी शेतावर न्यायचे. इंग्लंडचा पाऊस वर्षभर रिमझिमत राहणारा. छपरांवरचे पाणीसुद्धा पन्हळी नसल्यामुळे त्याच अंगणात उतरे. खतातला कस काळपट पाण्याच्या रूपाने नाल्यावाटे डबक्यात वाहून जाई. १८४० मध्ये लीबिगने शेतीतील रसायनाविषयी ग्रंथ लिहिला, १८४३ मध्ये लॉज आणि गिल्बर्ट यांनी रॉदमस्टेड येथे प्रयोग सुरू केले, आणि त्यानंतर त्या काळ्या पाण्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. ते घाण न राहता वाहून जाणारा पैसा झाले.

याविषयी सर्वांत काटेकोर काम केले ते ऑगस्टस फोल्कर यांनी. फ्रँकफुर्टला जन्मलेले हे रसायनज्ञ १८४९ पासून सिरेन्सेस्टरच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक होते. १८५४ च्या हिवाळ्यात त्यांनी शेणखताचे ढीग तीन प्रकारे ठेवले : एक उघड्यावर रचून, एक छपराखाली, आणि एक उघड्या अंगणात पसरून. ठराविक काळाने ते पुनःपुन्हा तोलले, तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की उघड्या अंगणात खत करण्याइतकी वाईट पद्धत दुसरी नाही; बारा महिन्यांत त्यातील दोनतृतीयांश द्रव्य नाहीसे होते, आणि उरते तेही ताज्या शेणाहून निकस. ज्या देशात हजारो शेतवाड्या अशा अंगणांभोवतीच बांधलेल्या होत्या, तेथे हे वाक्य वास्तुविशारदाला दिलेल्या आज्ञेसारखेच होते. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड किनेर्ड यांनी झाकलेल्या व उघड्या अंगणातील खतावर बटाटे लावून दोहोंच्या उत्पन्नातील मोठी तफावत दाखवून दिली होतीच. नॉरफकमधील जॉन वॉर्न्स हे त्याहीपूर्वी, १८४० च्या दशकात, प्रत्येक बैलाला स्वतंत्र खोलगट कोठडीत ठेवण्याचा पुरस्कार करीत होते : खाली पेंढा टाकत राहायचा, शेण काढायचेच नाही, जनावर हळूहळू वर चढत जाते आणि खत त्याच्या पायांखाली दाबून मुरते. ओतीव खांबांवर लाकडी कैच्या, त्यांवर पाटीची कौले, आढ्याजवळ हवेसाठी फटी, आणि खाली सबंध अंगण झाकलेले, अशी जी भव्य दालने पुढच्या दोन-तीन दशकांत उभी राहिली ती एका दृष्टीने उकिरड्यावर घातलेली छपरेच होत. हे मी उपहासाने म्हणत नाही. एखाद्या संस्कृतीने शेणाचा इतका विचार करावा, आणि त्यासाठी रेल्वे-स्थानकाला शोभेल असे छप्पर बांधावे, यात मला एक प्रकारची प्रतिष्ठाच दिसते.

या प्रकारातील सर्वांत बुद्धिमान रचना म्हणून कोल्सहिल येथील शेतवाडीचा उल्लेख करावा लागेल. रॅडनरच्या अर्लच्या मालकीच्या या जागी, तेव्हाच्या बर्कशायर परगण्यात, त्याच्या कारभाऱ्याने म्हणजे एडवर्ड मूरने १८५२ ते १८५४ या काळात ती बांधून घेतली. जागा उताराची. अन्य कोणी ती सपाट करून घेतली असती. मूरने उतारालाच कामाला लावले. वरच्या अंगाला धान्याच्या गंज्या आणि कोठार, मधल्या टप्प्यावर चारा तयार करण्याची जागा, खालच्या अंगाला जनावरे, आणि सर्वांत खाली खत. जड वस्तू आपल्याच भाराने खाली उतरत जावी, माणसाने वर काही उचलू नये. सह्याद्रीच्या उतारावर घर बांधणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण इतक्या तर्कशुद्ध रीतीने उताराचा विनियोग केलेली इमारत विरळाच. तिचे पुढचे चरित्रही मनोरंजक आहे. त्याच इस्टेटीवर सतराव्या शतकात रॉजर प्रॅटने बांधलेला प्रासाद होता. इंग्रजी गृहवास्तूच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आक्रमण झालेच तर लपून लढायचे अशा गुप्त पथकांचे मुख्य ठाणे या इस्टेटीवर होते. त्यातून प्रासाद वाचला, पण १९५२ मध्ये आगीत सापडला आणि १९५८ मध्ये त्याचे अवशेषही पाडून टाकण्यात आले. गोठे उभे राहिले.

वेल्सच्या सीमेवरील लेटन येथे लिव्हरपूलचे बँकर जॉन नेलर यांनी १८५० च्या सुमारास जे उभारले ते याहून अधिक साहसी आणि, मला वाटते, काहीसे अविचारी. त्यांनी विटांच्या लांबच लांब दालनांबरोबर डुकरांसाठी आणि मेंढ्यांसाठी गोलाकार इमारती बांधल्या, पाण्याच्या शक्तीवर यंत्रे चालवली, आणि जनावरांचे मूत्र-शेणपाणी डोंगरावरच्या टाकीत चढवून तेथून नळांवाटे शेतांत सोडण्याची व्यवस्था केली. शेतीतून हा खर्च कधीतरी भरून निघेल, असे त्यांना वाटले असेल तर ते बँकरला न शोभणारे होते. तथापि बऱ्याच आदर्श शेतवाड्यांमागे नफ्यापेक्षा हौस मोठी होती. गिरणीतून किंवा पेढीतून मिळवलेल्या पैशाला जमिनीची प्रतिष्ठा हवी होती, आणि सरदारघराण्यांना आपणही युगाबरोबर आहोत हे दाखवायचे होते.

राजघराणे अर्थातच मागे नव्हते. राणीचे पती प्रिन्स आल्बर्ट यांनी विंडसरच्या परिसरातील शेतवाड्या नव्याने बांधून घेतल्या. शॉ फार्मच्या कामात जी. ए. डीन हे शेतवाड्यांचे नामांकित आराखडेकार होते. १८५८ मध्ये फ्रॉगमोरजवळ दूधघर उभे राहिले. त्याच्या अंतर्भागाची सजावट जॉन थॉमस या शिल्पकाराची : मिंटन कारखान्याच्या रंगीत फरशा, संगमरवरी ओटे, कारंजी, आणि भिंतींवर राजपुत्र-राजकन्यांची उठावदार मुखचित्रे. या थंडगार, चकाकत्या दालनात पसरट भांड्यांतील दुधावर साय धरत असे. एका बाजूस गोठ्यांची कारखानदारी कोरडी वास्तू आणि दुसऱ्या बाजूस हे देवघरासारखे सजवलेले दूधघर, हा विरोधाभास व्हिक्टोरियन मनाचाच आहे. शेण हा हिशेबाचा विषय, दूध हा पावित्र्याचा.

आणि माणूस? डीन यांनी १८४९ मध्ये जे पुस्तक लिहिले त्याच्या शीर्षकातच शेतवाड्यांच्या जोडीला मजुरांची घरे होती, आणि आल्बर्ट यांनी १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी हाइड पार्कात श्रमिकांच्या घरांचा नमुना बांधून दाखवला होता. कोणी विचारच केला नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु आकडे वेगळेच बोलतात. केर्ड यांनी १८५०-५१ मध्ये देशभर फिरून नोंदवले की शेतमजुराची आठवड्याची मजुरी उत्तरेत साडेअकरा शिलिंग तर दक्षिणेत अवघी आठ शिलिंग पाच पेन्स होती. निराधारांच्या पोषणाचा कर त्या त्या गावावर बसत असल्यामुळे ज्या गावात सारी जमीन एकाच मालकाची, तेथे मजूर राहायलाच नकोत म्हणून झोपड्या पाडल्या जात. मजूर दुसऱ्या गावातून मैलोगणती चालत कामाला येत. डॉ. हंटर यांनी १८६४ च्या सरकारी आरोग्य-अहवालासाठी या घरांची पाहणी केली. घरांचा असा विध्वंस झालेली ८२१ गावे त्यांनी हिशेबात घेतली : १८५१ ते १८६१ या दशकात तेथील लोकसंख्या सव्वापाच टक्क्यांहून थोडी अधिक वाढली होती आणि राहण्याची जागा साडेचार टक्क्यांनी घटली होती. मार्क्सने 'कॅपिटल'मध्ये या अहवालाचा भरपूर उपयोग केला तो उगाच नव्हे. १८६५ मध्ये करभार गावाऐवजी गावांच्या संघावर टाकण्यात आला तेव्हा घरे पाडण्यामागचा हा हेतू संपला. म्हणजे ज्या दशकांत जनावरांना हवा किती लागते याची चर्चा चालू होती, त्याच दशकांत त्या जनावरांना चारा घालणाऱ्याचे छप्पर काढून घेतले जात होते; आणि कित्येकदा ही दोन्ही कामे एकाच वर्गाच्या हातून होत होती. या इमारतींवर लिहिणारे अभ्यासक विटांची बांधणी आणि कैच्यांचे प्रकार फार बारकाईने वर्णितात, परंतु हा दुसरा नकाशा पहिल्यावर ठेवून पाहत नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

साहित्याने या गोठ्यांकडे कसे पाहिले, हे पाहणे उद्बोधक ठरते. टॉमस हार्डी हा तर वास्तुशिल्पाचे शिक्षण घेतलेला कादंबरीकार. 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (१८७४) मध्ये मेंढ्यांची लोकर कातरण्याचा प्रसंग ज्या पुरातन कोठारात घडतो त्याची तो चर्चशी आणि किल्ल्याशी तुलना करतो : त्या दोहोंचे मूळ प्रयोजन शिळे झाले, कोठाराचे झाले नाही. 'टेस' (१८९१) मधील दूधवाडीवर तो नजर ठेवतो ती लाकडी खांबांवर. पिढ्यान्‌पिढ्या गाई अंग घासत आल्यामुळे ते गुळगुळीत झालेले आहेत. त्याच कादंबरीत यंत्रयुग येते ते मळणीच्या वाफेच्या यंत्राच्या रूपाने, आणि ते नायिकेला पिळून काढते. आदर्श शेतवाडी मात्र या दोन्ही ठिकाणी नाही. ज्या वास्तूत काळाला झिजवण्याजोगे काही मिळत नाही, लोखंडी खांबावर गाईने अंग घासले तरी खूण उमटत नाही, तेथे हार्डीच्या प्रतिभेला थारा नसावा.

या गव्हाणींत पडत काय होते, याचा शोध घेतला तर आपण अनपेक्षितपणे आपल्याच मुलखात येऊन पोचतो. बैल लवकर पुष्ट व्हावेत आणि खताचा कस वाढावा म्हणून जवसाची पेंड हा उत्तम खुराक मानला जाई. हल बंदरातील घाण्यांना जवस पुरवणारे दोन मोठे प्रदेश म्हणजे रशिया आणि हिंदुस्थान. तेथील व्यापारात 'कलकत्ता' आणि 'बाँबे' ही जवसाच्या प्रतींची नावेच होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि नागपूर-वर्धा पट्ट्यातील जवसाला मुंबई बंदराची वाट सरळ झाली. तेल रंगांत आणि वार्निशात गेले. पेंड गोठ्यात गेली. पेंडेतला नत्र शेणावाटे इंग्लंडच्या मातीत गेला. लॉज यांनी कोणत्या खाद्यामुळे खताचे मोल किती वाढते याची कोष्टके केली, आणि १८७५ व १८८३ च्या कुळविषयक कायद्यांनी वाडी सोडून जाणाऱ्या कुळाला, त्याने विकत घेऊन जनावरांना चारलेल्या पेंडेचा जमिनीत उरलेला कस भरून मिळण्याची तरतूद केली. हिशेब असा पै-पैचा होता. फक्त ज्या काळ्या रानातून तो कस मूळचा निघाला, त्याचे खाते त्या वहीत नव्हते.

या वैभवाचा काळ थोडाच टिकला. १८६५ च्या जूनमध्ये लंडनच्या गोठ्यांत बुळकांडीचा रोग दिसला आणि दोन वर्षांत त्याने देशभर हाहाकार उडवला. १८६६ च्या कायद्याने बाधित जनावरे मारणे सक्तीचे केले. दाटीने बांधलेल्या जनावरांत साथ कशी पसरते हे त्या वेळी कळले. १८७९ चे साल अतिवृष्टीने बुडाले. अमेरिकेचा गहू आणि, १८८० नंतर, बर्फाच्या जहाजांतून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे मांस येऊ लागले. १८७० च्या दशकाच्या आरंभी क्वार्टरला पन्नास शिलिंगांच्या वर असणारा गहू १८९४ मध्ये बावीस शिलिंग दहा पेन्सवर आला. मोठ्या शेतवाड्या बांधण्याची हौस विरली. दुधाचा धंदा रेल्वेमुळे तगला, आणि १८८५ च्या आदेशाने दुभत्या गाईंच्या गोठ्यांना उजेड, हवा, मोऱ्या व स्वच्छ पाणी यांची अट घातल्यावर तिकडे पुन्हा थोडे बांधकाम झाले. पण ते आरोग्य-निरीक्षकाच्या धाकाने केलेले, सपाट आणि निरलंकृत.

विसाव्या शतकात ट्रॅक्टर या दारांतून आत जाईना, आणि पोलादी सांगाड्यांच्या अवाढव्य शेडपुढे जुनी दालने अडचण वाटू लागली. काही पडली, काही संरक्षित वास्तूंच्या यादीत गेली. पुष्कळांची घरे झाली. २०१४ मध्ये तर इंग्लंडमध्ये यादीबाहेरच्या शेती-इमारतींचे घरात रूपांतर करण्यावरील परवान्याचे निर्बंध बरेच सैल करण्यात आले. गव्हाणींच्या जागी आता दिवाणखाने आहेत. मजुराला जे घर मिळाले नाही ते बैलाच्या जागेत श्रीमंताला मिळाले, एवढेच.

गोठ्याचा विचार मात्र एका वेगळ्याच वाटेने आपल्याकडे आला. फोल्कर यांचे पुत्र जॉन ऑगस्टस फोल्कर हेही कृषिरसायनज्ञ होते. भारत सरकारने त्यांना १८८९ मध्ये बोलावले आणि वर्षाहून अधिक काळ देशभर हिंडून त्यांनी १८९३ मध्ये भारतीय शेतीच्या सुधारणेविषयी अहवाल प्रसिद्ध केला. वडिलांनी खतावर छप्पर घाला असे सांगितले होते. मुलाला येथे शेण भिंतींवर गोवऱ्यांच्या रूपाने वाळताना दिसले. साहेबी शहाणपणा सांगून तो मोकळा झाला नाही, हे त्याचे श्रेय. शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानाने नव्हे. त्याच्याजवळ लाकूड नाही म्हणून जाळतो, हे त्याने ओळखले, आणि उपाय म्हणून गावोगाव सरपण व चाऱ्यासाठी राखीव वने लावण्याची शिफारस केली. भारतीय शेतकरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत सरस, असेही त्याने लिहून ठेवले.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी होळकरांच्या इंदुरात आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून सकस खत करण्याची रीत सिद्ध केली. १९३१ मध्ये त्यावरचे त्यांचे पुस्तक ऑक्सफर्डच्या प्रकाशनाने काढले. त्यांच्या गोठ्याला ना ओतीव खांब होते ना उंच धुराडे. जमीन साध्या मातीची ठेवायची, जनावरांचे मूत्र तिच्यात मुरू द्यायचे, काही महिन्यांनी वरचा थर खणून खताच्या खड्ड्यात घालायचा आणि त्या जागी नवी माती पसरायची. फरशी बसवायची नाही.